पाण्याने फुगलेलं लॅमिनेट फ्लोअरिंग दुरुस्त कसं करावं

लॅमिनेटची फुगलेली फळी पुन्हा सपाट होत नाही. वर वजन ठेवा, इस्त्री फिरवा, ड्रायर लावा, फरक पडत नाही. दिसायला लाकूड असलं तरी फळीच्या पोटात एचडीएफ असतं. लाकडाचे बारीक तंतू गोंदात मिसळून उष्णतेने आणि प्रचंड दाबाने चेपले की एचडीएफ तयार होतं. पाणी लागलं की हे चेपलेले तंतू सुटून फुलतात आणि वाळल्यावरही पहिल्यासारखे दबत नाहीत. वरचा मेलामाइनचा थर पाणी अडवतो, पण सुतार ज्याला मेल-फिमेल म्हणतात, म्हणजे एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते, त्या सांध्यात एचडीएफ उघडंच असतं. म्हणून फुगवटा कडेपासून सुरू होतो. ती कड घासून सपाट करायच्या फंदात पडू नका. वरचा छापील कागद इतका पातळ असतो की पॉलिश पेपरच्या चार-दोन हातांत आतला तपकिरी भुसा दिसायला लागतो.

म्हणजे फळी बदलणं आलंच. पण त्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधावं लागतं. बहुतेक दुरुस्त्या याच टप्प्यावर फसतात आणि नवी फळी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुगते.

फुगली आहे की उचलली आहे?

रात्री खोलीतले दिवे मालवा आणि टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा. वर आलेल्या प्रत्येक सांध्याची सावली रेघेसारखी दिसेल. त्या रेघेवर अंगठा दाबा. ती शिवणीसारखी कडक लागली आणि दबली नाही, तर फळी फुगली आहे. पाय दिल्यावर जमीन खाली जाऊन पोकळ आवाज येत असेल आणि पाय काढताच ती वर येत असेल, तर फळ्या बहुधा शाबूत आहेत, त्यांना पसरायला जागा नाही एवढंच. दमट हवेत लॅमिनेट थोडं पसरतं. बसवताना भिंतीशी फट सोडली नसेल, तर ते मध्येच वर उचलतं. अशा वेळी स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी) काढून भिंतीलगतच्या फळ्या तीन सूत, म्हणजे साधारण १० मिमी कापल्या की एक-दोन दिवसांत जमीन बसते. यासाठी नव्या फळ्या विकत घेऊ नका.

पाण्याचा उगम

फुगवटा कुठे आहे त्यावरून बरंच कळतं. एसीखालच्या भिंतीलगत असेल तर ड्रेन पाइप तपासा. तो तुंबला की पाणी भिंतीवरून स्कर्टिंगमागे उतरतं आणि वरून काहीच दिसत नाही. खिडकीखाली असेल तर स्लायडिंगच्या ट्रॅकमधली पाणी जाणारी भोकं मोकळी करा आणि बाहेरून फ्रेमभोवतीचं सिलिकॉन पाहा. बाथरूमच्या भिंतीपलीकडे असेल तर नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी) बंद करून बाथरूममध्ये इंचभर पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलने पातळी खुणा आणि २४ तास थांबा. पातळी स्पष्ट उतरली किंवा पलीकडची ओल वाढली, तर बाथरूमचं वॉटरप्रूफिंग गेलं आहे. ते पुन्हा केल्याशिवाय लॅमिनेटला हात लावू नये. पातळी उतरली नाही, तर संशय भिंतीतल्या पाइपावर जातो आणि तिथे प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्यावी. खोलीभर तुरळक सांधे फुगले असतील, तर बहुतेक वेळा कारण रोजचा निथळता पोछा असतं.

उघडा आणि वाळवा

स्कर्टिंग पातळ पटाशीने हळूच सोडवा. क्लिक पद्धतीच्या फळ्या जमिनीला चिकटवलेल्या नसतात, एकमेकींत अडकवलेल्या असतात. जवळच्या भिंतीकडून सुरुवात करून फळीची लांब कड साधारण ३० अंशांत उचला, म्हणजे लॉक सुटतं. सरळ वर ओढली तर जीभ तुटते. प्रत्येक फळीच्या पाठीवर ओळ आणि क्रमांक लिहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चांगल्या फळ्या आडव्या, मध्ये पट्ट्या घालून रचा. उभ्या टेकवल्या तर त्या वाकतात.

फळ्यांखाली अंथरलेला फोम ओला असेल तर तेवढा तुकडा कापून टाकून द्या. त्यात अडकलेलं पाणी लवकर निघत नाही आणि वास राहतो. जमिनीवर बुरशी असेल तर मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने घासा आणि कोरडी पुसा. पावसाळ्यात खिडक्या उघडून वाळवायला गेलात तर दमट हवाच आत येते. दारं-खिडक्या लावून एसी ड्राय मोडवर ठेवा आणि पंखा जमिनीच्या दिशेने फिरवा.

हात लावून कोरडं वाटलं म्हणजे ओल गेली असं नसतं. दोन फूट बाय दोन फूट पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने जमिनीला चिकटवून २४ तास ठेवा. आतून थेंब धरले किंवा खालचा कोबा गडद झाला, तर आणखी थांबा. लॅमिनेट टाइल्सवर असेल तर प्लास्टिक टाइल्सच्या जोडांवर येऊ द्या, कारण ओल जोडांतून वर येते.

तशीच फळी मिळवणं

जाडी आणि रंग जुळले तरी लॉक जुळेलच असं नाही. दोन कंपन्यांच्या ८ मिमीच्या फळ्या एकमेकींत बसतीलच याची खात्री नसते. म्हणून जुन्या फळीचा लॉकसकट तुकडा दुकानात घेऊन जा. ते मॉडेल बंद झालं असेल तर पलंगाखालच्या चांगल्या फळ्या काढून समोर लावा आणि पलंगाखाली मिळेल तो जवळचा रंग बसवा. मात्र तिथेही लॉक जुळणारंच हवं. १२०० बाय १९५ मिमीची एक फळी साधारण अडीच चौरस फूट भरते. लागतात त्यापेक्षा दहा टक्के जास्त घ्या. नव्या फळ्या बंद खोक्यातच ४८ तास त्याच खोलीत आडव्या ठेवा.

बसवणं

नुकसान भिंतीजवळ असेल तर काम सोपं आहे. फोम अंथरा, खाली कोबा असेल तर त्याआधी २०० मायक्रॉनचं प्लास्टिक घाला, आणि फळ्या क्रमाने तिरक्या धरून अडकवत या. ठोकताना ठोकळा वापरा, हातोडी थेट कडेवर मारू नका. ओळीओळींतले आडवे सांधे किमान ३०० मिमी पुढेमागे असावेत. भिंतीशी चारही बाजूंनी १० मिमी फट हवीच, दाराच्या चौकटीपाशीसुद्धा.

खोलीच्या मधोमध एकच फळी गेली असेल तर सगळं उघडायची गरज नाही, पण हात स्थिर हवा. कडांपासून ४० मिमी आत चौकट आखा आणि चारही कोपऱ्यांत १० मिमीचं भोक पाडा. सर्क्युलर सॉची (गोल पात्याच्या विजेच्या करवतीची) खोली फळीच्या जाडीइतकीच ठेवा. एक-दोन मिमी जास्त झाली तर खालची टाइल आणि पातं दोन्ही जातात. मधला तुकडा काढा, उरलेल्या पट्टीला भोकांपासून कोपऱ्यापर्यंत तिरका छेद द्या आणि पट्ट्या आतल्या बाजूला ओढून काढा. शेजारच्या फळ्यांचं लॉक इथे तुटू देऊ नका. नव्या फळीच्या खाचेचा खालचा ओठ कापा आणि आडव्या टोकाची जीभ छाटा. वरची छापील कड सांभाळा. कडांना डी-३ दर्जाचा जलरोधक पांढरा गोंद लावा, जिभेच्या लांब बाजूने सरकवून फळी खाली बसवा, वर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. मग २४ तास वजन ठेवा. तांदळाच्या किंवा पुस्तकांच्या पिशव्या चालतात, फक्त दाब फळीच्या चारही कडांवर यायला हवा.

स्कर्टिंग पुन्हा लावताना खिळे भिंतीत जाऊ द्या, फळीत नाही. नाहीतर जमीन जागच्या जागी जखडते. जुनं स्कर्टिंग एमडीएफचं (एचडीएफसारख्याच चेपलेल्या तंतूंचं) असेल आणि तळाशी फुगलं असेल तर पीव्हीसीचं घ्या. बाथरूम किंवा बाल्कनीच्या उंबऱ्यापाशी त्या १० मिमी फटीत फोमची गोल दोरी दाबून वर सिलिकॉन भरा. ते लवचिक असल्याने फळ्यांना हलता येतं आणि वरून पाणी शिरत नाही.

एक तृतीयांशाहून जास्त फळ्या गेल्या असतील, किंवा तळमजल्यावर जमिनीतूनच ओल येत असेल, तर डागडुजीत पैसे घालू नयेत. तिथे एसपीसी नावाचं फ्लोअरिंग लावा. त्याचा गाभा दगडाची भुकटी आणि पीव्हीसीचा असल्यामुळे तो पाण्याने फुगत नाही. तरीही खालची ओल आधी थांबवावीच लागते, कारण बुरशी एसपीसीखालीही धरते.