कामानिमित्त नागपुरात लांबचा मुक्काम? या चुका टाळा

दोन-चार महिन्यांच्या कामासाठी नागपुरात आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात ‘पाहण्याची ठिकाणे’ शोधतो, पहिल्या दोन रविवारी दीक्षाभूमी, झिरो माइल, फुटाळा आणि रामटेक उरकतो आणि तिसऱ्या आठवड्यात ‘इथे करण्यासारखे काही नाही’ असे घरी फोनवर सांगून मोकळा होतो. नाशिकहून हिंगण्याच्या एका कारखान्यात चार महिन्यांसाठी आलो, तेव्हा मीही नेमके हेच केले. चाराचे पुढे अकरा महिने झाले, म्हणून चूक कळायला सवड मिळाली. रविवार कसाही निघून जातो. खायला उठते ती मंगळवारची किंवा बुधवारची संध्याकाळ, सात ते दहा, जेव्हा काम संपलेले असते, झोप आलेली नसते आणि खोलीत टीव्हीखेरीज कोणी नसते. त्या तीन तासांची सोय आधी लावावी, प्रेक्षणीय स्थळांचे नंतर पाहता येते.

कामाच्या दाराशी राहणे

हिंगणा एमआयडीसी किंवा मिहान (विमानतळालगतचे नवे औद्योगिक क्षेत्र) परिसरात काम असले, की कार्यालय जवळचेच हॉटेल घेऊन देते आणि आपणही प्रवास वाचला म्हणून खूश होतो. मात्र औद्योगिक वसाहतीत अंधार पडल्यावर पायी जाण्यासारखे फारसे काही उरत नाही आणि शहरात जायचे तर प्रत्येक वेळी स्वतंत्र बेत आखावा लागतो. मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातील दोन्ही मार्गिका डिसेंबर 2022 पासून पूर्ण लांबीने सुरू आहेत. अ‍ॅक्वा लाइन पश्चिमेला हिंगणा मार्गावरील लोकमान्यनगरपर्यंत जाते, ऑरेंज लाइन दक्षिणेला मिहानलगतच्या खापरीपर्यंत, आणि दोन्ही सीताबर्डीला एकमेकींना मिळतात. त्यामुळे हिंगण्याला काम असणाऱ्याने शंकरनगर किंवा धरमपेठेच्या बाजूला, आणि मिहानला जाणाऱ्याने धंतोली किंवा अजनीच्या बाजूला खोली पाहावी. हॉटेल बदलणे हातात नसेल, तर निदान एवढे करावे की सुटल्यावर आधी खोलीवर जाऊ नये, थेट मेट्रो धरावी. एकदा पायातले बूट निघाले, की माणूस पुन्हा बाहेर पडत नाही. (इथे सीताबर्डीला सगळे ‘बर्डी’ म्हणतात; ऑटोवाल्यालाही तेच सांगावे.)

‘संध्याकाळी काहीतरी बघू’ असे म्हणणे

दमलेल्या माणसाला संध्याकाळी सात वाजता नवे काही सुचत नाही, म्हणून निर्णय आदल्या रविवारीच झालेला असावा. आठवड्यातील दोन संध्याकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी गेल्या पाहिजेत. ते ठिकाण पोहण्याचा तलाव असो, बॅडमिंटनचे कोर्ट असो, वाचनालय असो की सेमिनरी हिल्सवरची फेरी. सभासदत्व घेताना महिन्याचे शुल्क विचारावे. मी एका व्यायामशाळेत ‘वर्षाचे घेतले तर निम्म्यात पडते’ या हिशेबाला भुललो आणि ते पैसे बुडाले ते बुडालेच.

तिसरी संध्याकाळ कार्यक्रमासाठी राखावी. सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आणि रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृह येथे नाटके व गाण्याच्या मैफली होतात, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय याच शहरात आहे, आणि 1923 साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाची व्याख्याने व पुस्तक प्रकाशने बर्डीवर होत असतात. यातील बरेच काही विनामूल्य असते. नवख्या माणसाची अडचण वेगळीच असते, ती म्हणजे त्याला कळतच नाही. त्यावरचा उपाय जुना आहे: मोबाइलवर शोधत बसण्यापेक्षा सकाळी स्थानिक मराठी दैनिक घ्यावे आणि त्यातील शहरातील आजच्या कार्यक्रमांचे सदर चहाबरोबर वाचावे. मला पहिले दोन महिने हे सुचले नव्हते, याचे आज नवल वाटते.

वार आणि ऋतू न पाहता निघणे

मधल्या वारी सुट्टी मिळाली म्हणून सोमवारी मध्यवर्ती संग्रहालयाच्या, म्हणजेच अजब बंगल्याच्या, दारात जाऊन परत येणारे अनेक जण मी पाहिले आहेत. 1863 मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय सोमवारी बंद असते. ताडोबाला मंगळवारी सफारी नसते आणि पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, तेथील गाभा क्षेत्र बंद राहते. सफारीचे आरक्षण ऑनलाइन करावे लागते व शनिवार-रविवारच्या फेऱ्या फार आधी भरतात, त्यामुळे ‘या आठवड्यात जमले तर जाऊ’ या बेताने वाघ दिसत नाही, प्रवेशद्वार दिसते. त्याऐवजी बुधवार-गुरुवारची एक रजा आधी टाकून ठेवावी; पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला हे पर्याय ताडोबापेक्षा जवळचेही आहेत.

उन्हाळ्याचे गणित निराळे मांडावे लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना दुपारी बारा ते पाच हा वेळ दिवसातून वजा धरावा, फिरणे सकाळी आठच्या आत आटोपावे, उपाशीपोटी बाहेर पडू नये आणि दुपट्टा डोक्याला गुंडाळायला लाजू नये. डिसेंबरची अडचण याहून वेगळी असते. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरते, तेव्हा हॉटेले भरतात आणि मोर्च्यांमुळे विधानभवनाच्या बाजूचे रस्ते अडतात. मुक्काम त्या काळात येणार असेल, तर खोली आधीच पक्की करावी. विजयादशमीच्या सुमारास रेल्वेचे तिकीटही तसेच आधी काढावे, कारण 14 ऑक्टोबर 1956 च्या धर्मांतराच्या स्मरणार्थ दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. एरवी मात्र संध्याकाळी त्या स्तूपाच्या परिसरात शांत बसण्यासारखी दुसरी जागा मला या शहरात सापडली नाही.

रोज सावजी

सावजीचा झणझणीत रस्सा पाहुण्याने खावाच, पण आठवड्यातून एकदा. सहकाऱ्यांच्या आग्रहाला मान देऊन मी तीन रात्री सलग तो खाल्ला आणि चौथा दिवस खोलीत काढला. घरगुती डबा किंवा मेस लावावी आणि सकाळी तर्री-पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेले पोहे, खावेत. रोज त्याच टपरीवर गेलात, तर दहाव्या दिवशी टपरीवाला न विचारता तर्री वाढतो आणि शहरात आपल्याला ओळखणारा पहिला माणूस मिळतो. सांबारवडीत सांबार म्हणजे कोथिंबीर, हेही तिथेच कळते.

बोलीला हसणे

‘काय करून राहिले भाऊ?’ हा प्रश्न पुण्या-नाशिकच्या कानाला पहिल्यांदा चमत्कारिक वाटतो आणि नवखा माणूस कार्यालयात त्याची नक्कल करून दाखवतो. विनोद म्हणून सुरू झालेले हे प्रकरण महागात पडते, कारण ज्यांच्या घरी पोळ्याला जेवायला बोलावणे आले असते, तेच लोक दूर राहू लागतात. चूक होऊन गेली असेल, तर सरळ माफी मागावी; इथले लोक मनात ठेवत नाहीत. मला त्यानंतरच मारबतीचे निमंत्रण मिळाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर करीत जुने शहर रस्त्यावर उतरते. ती मिरवणूक ओळखीच्या माणसाबरोबर पाहावी, एकट्याने गल्ल्या उमगत नाहीत.

सगळ्या सहली पहिल्याच महिन्यात संपवणे

महिन्याला एकच सहल ठेवावी, म्हणजे पुढच्या महिन्यासाठी काही उरते. सेवाग्राम सुमारे 75 किलोमीटरवर आहे. वर्ध्याच्या रस्त्याने जाताना वाटेत धाम नदीकाठी विनोबांचा पवनारचा आश्रम लागतो, आणि दोन्ही मिळून एक दिवस संथपणे जातो. रामटेक त्याहून जवळ, साधारण 50 किलोमीटरवर आहे, पण ते पावसाळ्यासाठी राखावे, कारण कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे मानणाऱ्यांना आषाढातले ढग गडावरून पाहण्याचा मोह आवरत नाही.

प्रत्येक सुट्टीला घरी पळणे

घरची ओढ असतेच, पण लागोपाठ प्रत्येक शनिवारी रात्रीची गाडी धरणाऱ्याचे दोन्हीकडचे आयुष्य अर्धवट राहते आणि सोमवारी तो दमलेलाच कामावर येतो. एकाआड एक आठवडा पुरतो. त्यातही 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट या तारखा मुक्कामात येत असतील, तर त्या दिवशी नागपुरातच थांबावे. 1817 ची लढाई जिथे झाली, तो सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून सर्वसामान्यांसाठी वर्षातून याच तीन दिवशी उघडतो. मेट्रोतून रोज दिसणाऱ्या त्या टेकडीवर मी अकराव्या महिन्यात, परतीचे तिकीट हातात असताना चढलो.