आखाजीचा झोका एका बाजूला का कलायचा?

आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी येणार म्हणून मी अमळनेरच्या घरामागच्या निंबाला झोका बांधला. वैशाखातलं ऊन, घरात पुरणाची गडबड, त्यामुळे काम उरकलंच जास्त. नायलॉनचा एकच लांब दोर पाटलीच्या (बसायच्या फळीच्या) दोन भोकांतून खालून ओढला आणि दोन्ही टोकं फांदीला बांधली.

भाची बसली आणि ओरडली, "मामा, हाऊ झोका वाकडा शे ना!" वर बांधलेली टोकं मी दोनदा सोडून मोजली. दोन्हीकडे दोर सारखाच. तरी ती जरा बाजूला सरकली की पाटली तिकडेच कलायची.

खाली वाकून पाहिलं तेव्हा कळलं. दोर पाटलीखालून सलग होता, वजन पडेल तिकडे गुळगुळीत नायलॉन सरकायचा. मग प्रत्येक भोकाच्या अगदी खाली एक आणि वर एक अशा घट्ट गाठी मारल्या. पाटली जागच्या जागी अडकली.

माणसं बसवायच्या आधी रात्रभर झोक्यावर गव्हाचं पोतं ठेवलं. (माय म्हणाली, आता गव्हालाही माहेरपण!) सकाळी पोतं चार बोटं खाली आलेलं, नायलॉन ताणला होता आणि फांदीवरची गाठही जरा घसरली होती. ती सोडून पुन्हा आवळली, टोकाला वीतभर दोर जास्तीचा सोडला. फांदीवर दोराखाली गोणपाटाची दुहेरी घडी घातली, नाहीतर साल सोलते आणि दोरही झिजतो.

दुपारी मांडे होईपर्यंत झोका रिकामा मिळालाच नाही. मला बसायला मिळालं ते संध्याकाळी, तेही भाची झोपल्यावर.