‘आता दाब’ : इमर्जन्सी स्टॉप बसवायला मी कसा शिकलो

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करून भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलो, तेव्हा पहिल्याच वर्षी मला एक ‘सोपं’ काम मिळालं. रोलर कन्व्हेयरच्या शेवटच्या टोकाला आणखी एक इमर्जन्सी बटण बसवायचं. स्टोअरमध्ये लाल मशरूम हेड, म्हणजे छत्रीसारखं डोकं असलेलं बटण होतं, पण त्यामागे बसणारे एनसी कॉन्टॅक्ट ब्लॉक (एरवी जोडलेले, दाबल्यावर तुटणारे) संपले होते. एनओ (एरवी तुटलेला, दाबल्यावर जोडणारा) होता, तोच चढवला. वायर पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या छोट्या कंट्रोल संगणकाच्या) रिकाम्या इनपुटला नेली, प्रोग्रामवाल्याने एक ओळ टाकून दिली. बटण दाबलं, कन्व्हेयर थांबला. तीनदा दाबून बघितलं आणि रजिस्टरवर ऐटीत सही ठोकली.

पंधरा-वीस दिवसांनी त्याच टोकाला एका हेल्परचा हातमोजा रोलरमध्ये ओढला गेला. शेजारच्याने बटण दाबलं. रोलर फिरतच राहिले. कुणीतरी धावत जाऊन मेन आयसोलेटर (मुख्य स्विच) पाडला म्हणून मोज्यावर निभावलं. नंतर बटणाची डबी उघडली तर एक वायर टर्मिनलमधून निसटलेली. फेरूल (वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) लावलं नव्हतं, कंपनाने ढिली झाली असणार. कधी निसटली ते सांगायला मार्गच नव्हता, कारण मशीन तोवर छान चाललं होतं.

आमचे वायरमन काका ओरडले नाहीत. त्यांनी दुसऱ्या एका मशीनवर मला नेलं, सप्लाय बंद करून इमर्जन्सीची एक वायर सोडली, सप्लाय परत दिला आणि म्हणाले, “आता चालू कर.” मशीन चालूच होईना. मग माझ्या कन्व्हेयरपाशी आणलं. तिथे वायर सुटलेली असताना मशीन बिनतक्रार सुरू झालं. “आता दाब,” म्हणाले.

एनसी आणि एनओमधला फरक आयटीआयमध्ये पाठ केला होता. तो कळला त्या दिवशी : एनसीची वायर सुटली की मशीन थांबतं, एनओची सुटली तर कुणाला कळतही नाही.

तर नवीन मुलांनो, ब्लॉकवरचे आकडे आधी वाचा. ११-१२, २१-२२ असे १-२ वर संपणारे एनसी. १३-१४, म्हणजे ३-४ वाले एनओ. इमर्जन्सीसाठी एनसी, तेही वर्तुळात बाण असलेलं चिन्ह छापलेले. त्या चिन्हाचा अर्थ असा की कॉन्टॅक्ट चिकटला तरी बटणाचा दांडा त्याला जोर लावून उघडतो, स्प्रिंगच्या भरवशावर सोडत नाही. असे दोन एनसी, दोन वेगळे चॅनल (प्रत्येकाची वायर स्वतंत्र), आणि दोन्ही सेफ्टी रिलेवर, म्हणजे दोन्ही चॅनल जोडलेले असतील तरच मशीनला पॉवर देऊ देणाऱ्या रिलेवर. साध्या पीएलसीच्या इनपुटवर इमर्जन्सी सोडू नका. पीएलसीला माहिती म्हणून तिसरा कॉन्टॅक्ट द्या हवा तर.

पण एनसी लावला म्हणजे सुटलो, असंही नाही. मशरूम हेड बाहेरून बसतं आणि ब्लॉक आतून कॉलरवर खटकन अडकतो. तो नीट अडकला नाही किंवा दार आपटून आपटून निसटला, तर ब्लॉक वायरींना लोंबकळत राहतो. एनसी जोडलेलाच राहतो, रिलेला सगळं आलबेल. बाहेर बटण दाबलं तर ते हवेत दाबलं जातं. म्हणून बसवल्यावर ब्लॉक हाताने हलवून बघायचा. सुटला की स्वतःच सर्किट तोडणारे ब्लॉकही मिळतात. थोडे महाग असतात, पण मी हट्टाने मागतो.

काम सुरू करण्याआधी आयसोलेटर पाडून त्यावर स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, आणि मीटर आधी चालू लाइनवर तपासून मग मरलेल्या लाइनवर. ‘इमर्जन्सी दाबून ठेवलीय, लाव हात’ असं म्हणणारा भेटेलच. इमर्जन्सी दाबल्याने पॅनेलमधले ४१५ व्होल्ट जात नाहीत.

बटण कुठे लावायचं? ड्रॉइंग बघा आणि मग ऑपरेटरच्या जागी जाऊन उभे राहा. आयएसओ १३८५० या इमर्जन्सी स्टॉपच्या आंतरराष्ट्रीय मानकात उंची जमिनीपासून ०.६ ते १.७ मीटर दिली आहे. लाल बटण, मागे पिवळं. चुकून धक्का लागतो म्हणून भोवती पत्र्याचं कडं लावायची टूम निघते. त्यापेक्षा जागा बदला. लांब कन्व्हेयरला बटणापेक्षा ओढायची दोरी बरी, जिथे असाल तिथून हाताला येते.

आणि थांबवायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे विचारल्याशिवाय वायर ओढू नका. यावर नवीन मुलं सगळ्यात कमी विचार करतात. पॉवर तत्काळ तोडणं म्हणजे स्टॉप कॅटेगरी ०. पण जड स्पिंडल (मशीनचा फिरता दांडा) पॉवर तोडल्यावर बराच वेळ नुसता घरंगळत फिरतो. तिथे ड्राइव्हने (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेने) ब्रेक लावून आधी थांबवायचं आणि मग पॉवर काढायची, ही कॅटेगरी १. उभ्या अक्षावर ब्रेक नसेल तर पॉवर जाताच वजन खाली येतं. लोहचुंबकाने उचललेला माल तर पडतोच. सिलिंडरमध्ये हवा अडकून राहिली तर मशीन ‘थांबलेलं’ असूनही हात चिरडू शकतं. हे ठरवणं एकट्या वायरमनचं काम नाही. डिझाइनवाल्याला विचारायला लाजू नका, त्याला राग आला तरी.

तपासणीत बटण दाबणं ही पहिली पायरी. फिरवून सोडलं की मशीन आपोआप सुरू होता कामा नये. रिसेट दाबल्यावरही नाही. स्टार्ट वेगळं दाबावं लागलं पाहिजे. मग काकांची परीक्षा : सप्लाय बंद, एका चॅनलची वायर सोडा, सप्लाय चालू, रिसेट. रिले चालू होता कामा नये. दुसऱ्या चॅनलचं तसंच. मग दोन्ही कॉन्टॅक्टरच्या (रिलेच्या सांगण्यावरून मोटरची पॉवर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) फीडबॅकची वायर सोडून बघा. कॉन्टॅक्टर वेल्ड झाला तर रिले रिसेट नाकारतो तो या वायरीच्या जिवावर. सुरुवातीला हे सीनियर सोबत असतानाच करा.

इंटरव्ह्यूला मी आता पलीकडच्या खुर्चीत असतो. ‘इमर्जन्सीला एनसी का?’ याचं उत्तर सगळे देतात. ‘वायर तुटली तर?’ इथपर्यंत निम्मे येतात. ‘ब्लॉक निसटला तर?’ विचारलं की खोलीत शांतता.

एक सवय मात्र माझी स्वतःची. ट्रायलच्या वेळी कधी जंपर, म्हणजे सर्किटचा एखादा भाग तात्पुरता वगळणारे वायरचे तुकडे, टाकावे लागतात. ते मी फक्त जाड गुलाबी वायरचे करतो आणि पॅनेलच्या दारावर मार्करने आकडा लिहितो. गेल्या महिन्यात दारावर ‘४’ होते, हातात तीनच आले. बाहेर टेंपो उभा, सुपरवायझर घड्याळ दाखवतोय. पाऊण तासाने चौथा सापडला, वायरींच्या डक्टच्या झाकणाखाली, सेफ्टी रिलेच्या दुसऱ्या चॅनलवर.