लांबचं एफएम पकडायचंय? आधी जवळचं पाठ करा

एकदा रात्री अकराला नवीनच नाव, नवी जिंगल आणि सगळी जुनी गाणी असलेलं स्टेशन लागलं. मला वाटलं थेट गुजरातेतलं काहीतरी आलं, वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं. सकाळी ठाण्यात रिक्षात बसलो तर तेच स्टेशन खणखणीत चालू. आपल्याच एका लोकल स्टेशनने रातोरात नाव बदललं होतं, दुसरं काही नाही.

तर पहिला धडा हाच, की नावावर जाऊ नका, आकड्यावर जा. मुंबईत १०४.८ वर आधी म्याँव होतं, बायकांसाठी गप्पांचं स्टेशन, मग ओये आलं, मग इश्क. आकडा तोच, पाटी बदलत गेली. म्हणून एखाद्या दुपारी वही घेऊन बसा आणि ८७.५ पासून १०८ पर्यंत ०.१ च्या पावलाने जा, काय लागतं, किती स्वच्छ लागतं सगळं लिहा. मुंबईत ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ अशी प्रायव्हेट स्टेशनं ०.८ च्या अंतराने बसलीत, आकाशवाणीचं गोल्ड १००.७ वर, रेनबो १०७.१ वर. यांच्या मधल्या मोकळ्या जागा हेच तुमचं शिकारीचं रान.

आता घोळ कुठे होतो बघा. ९१.१, ९४.३, ९८.३ हे आकडे मुंबईतही आहेत आणि पुण्यातही, तेही त्याच कंपन्यांचे. गाडीने खंडाळ्याचा घाट चढताना ९८.३ लावून ठेवा, गाणं चालू असताना मध्येच दुसरंच गाणं येतं, परत पहिलं, वळणावर पुन्हा दुसरं. एफएममध्ये दोन सिग्नल सहसा मिसळत नाहीत, ज्याचा जोर जास्त तो दुसऱ्याला गिळतो. मग शहर ओळखायचं कसं? जाहिरातींवरून. फ्लॅट कोथरूडचा विकतायत की मीरा रोडचा, एवढं ऐकलं की झालं. आरजेवर भरवसा ठेवू नका, कार्यक्रम बरेचदा एकाच ठिकाणाहून सगळीकडे जातात.

अँटेना मी मुद्दाम नंतर घेतोय कारण लोक तिथूनच सुरुवात करतात आणि पैसे घालवतात. मोबाईलमध्ये एफएम असेल तर इयरफोनची वायर हीच अँटेना, ती गुंडाळून ठेवू नका. घरी करायचं तर तांब्याच्या वायरचे ७५-७५ सेंटीमीटरचे दोन तुकडे एका रेषेत ताणा, मधे केबल टीव्हीची जुनी वायर जोडा, एका तुकड्याला आतली तार आणि दुसऱ्याला बाहेरची जाळी. आडवं बांधून बघा, उभं बांधून बघा, हळूहळू फिरवा. रेडिओला मोनोचं (म्हणजे स्टीरिओ बंद करायचं) बटण असेल तर दाबा, खरखर निम्मी होते (हे कोणी सांगतच नाही राव). आणि एलईडी बल्ब, लॅपटॉपचा चार्जर बंद करा, त्यांचा आवाज दूरच्या स्टेशनला मारून टाकतो.

पण खरी कमाल उंचीची. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणलं की सिग्नलचं क्षितिज, म्हणजे तो थेट जिथवरून पोचू शकतो ती हद्द, साधारण किती किलोमीटरवर ते कळतं. महाबळेश्वर १३७० मीटरच्या आसपास, म्हणजे दीडशे किलोमीटर, आणि मुंबई सरळ रेषेत जवळपास तेवढीच. सनसेट बघायला बॉम्बे पॉइंटला जाता ना, छोटा रेडिओ खिशात टाका.

हवामानाचाही खेळ आहे. पावसाळा संपल्यापासून मे पर्यंत पहाटे वर गरम आणि खाली थंड हवेचा थर बसतो, त्यात सिग्नल वाकून फार लांब जातो, समुद्रावर तर फारच. कोकणातल्या किनाऱ्यावर पहाटे अचानक मल्याळम किंवा अरबी ऐकू आलं तर रेडिओ बिघडलाय असं समजू नका, आखातातलंही असू शकतं. उन्हाळ्यात कधी आयनोस्फिअरवरून (आकाशात खूप उंचावरचा विद्युतभारित थर) आपटून हजार-दोन हजार किलोमीटरवरचं येतं, पण ते पाच मिनिटांतही जाऊ शकतं, म्हणून आधी रेकॉर्डिंग चालू करा, कौतुक नंतर. तासाचा ठोका पडताना थांबा, आकाशवाणी तेव्हा केंद्राचं नाव सांगते.

९०.४ मात्र सोडू नका. तिथे कम्युनिटी रेडिओ, म्हणजे स्थानिक लोकांसाठीची छोटी स्टेशनं असतात, म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी त्यातलीच, आणि यांची ताकद इतकी कमी की चाळीस किलोमीटरवरून जरी लागलं तरी लाल पेन काढायला हरकत नाही.