हॅलेच्या धूमकेतूवर बसून सूर्याकडे: मुलांसोबत असं खेळा

रात्री झोपायच्या आधी अर्धा तास मिळाला तरी पुरतो. पण धूमकेतू खराखुरा घ्या, मी नेहमी हॅलेच घेते, कारण तो साधारण 76 वर्षांनी येतो आणि आता जुलै 2061 मध्ये सूर्याजवळ येणारे, मग मुलांना आधी आपलं तेव्हाचं वय काढायला सांगायचं, तिथेच डोळे मोठे होतात.

आधी रस्ता चालून बघा. एक बॉल ठेवा, तो सूर्य. त्यापासून एका पावलावर पृथ्वी, 30 पावलांवर नेपच्यून आणि 35 पावलांवर हॅले वळतो ती जागा. डिसेंबर 2023 मध्ये तो तिथून वळला, म्हणजे सध्या परतीच्या वाटेवर आहे. जागा कमी असेल तर टाचेला पंजा लावून चाला. तिकडे सूर्य म्हणजे एक झगझगीत तारा, बाकी मिट्ट काळोख, शेपूट नाही, काही नाही. वेग सेकंदाला जेमतेम 1 किलोमीटर, सूर्याजवळ तोच 54 च्या आसपास, म्हणून मुलांना सुरुवातीला मुंगीच्या पावलांनी आणि शेवटी पळत यायला लावा.

मग गादीवर गडद रंगाची चादर चुरगाळून टाका आणि लाइट बंद. मुलं धूमकेतू पांढराशुभ्र काढतात, पण 1986 मध्ये जोत्तो यानाने जवळून फोटो काढले तेव्हा हॅले कोळशासारखा काळा निघाला, लांबी सुमारे 15 किलोमीटर. आता ओढणीने "स्वतःला बांधा" म्हणायचं, कारण इथे वजन जवळपास नसतंच. 2014 मध्ये फिली नावाचं छोटं यान दुसऱ्या एका धूमकेतूवर उतरलं आणि असं उसळलं की परत टेकायला जवळपास 2 तास लागले! हे ऐकून कोणीतरी उडी मारतंच, मारू द्या आणि 2 तास खाली येऊ नको म्हणा.

सूर्य जवळ आला की तळहातावर बर्फाचा खडा ठेवा. हातावर पाणी होतं, तिथे हवा नसल्याने बर्फाची थेट वाफ होते आणि सोबत धूळ उडते. फिली उतरलं त्या धूमकेतूच्या वायूंमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचा वायूही सापडलाय, नाक धरायला विसरू नका.

आता शेपूट, माझा सगळ्यात आवडता भाग. बॉलच्या जागी टेबल फॅन ठेवा, जाळी असलेलाच, आणि मुलाच्या हातात हलकी रिबीन द्या, जाळीपर्यंत पोचणार नाही इतकी आखूड. फॅनकडे येताना रिबीन मागे उडते, पण वळसा घालून परत निघालं की तीच रिबीन पुढे! खऱ्या धूमकेतूची शेपूटही सूर्याच्या उलट दिशेलाच असते, त्यामुळे परत जाताना शेपूट पुढे आणि धूमकेतू मागे.

सगळं तुम्हीच सांगत बसू नका, मध्ये मध्ये "आता काय दिसतंय?" विचारा आणि गप्प रहा.

आणि 21 ऑक्टोबरच्या आसपास पहाटे मुलांना उठवून अंधाऱ्या जागी न्या, मृगनक्षत्राजवळून उल्का येताना दिसतात, ती हॅलेनेच वाटेत सांडलेली धूळ.