लाकडी जहाजाची प्रतिकृती: फासळ्यांपासून दोरांपर्यंत

जहाजाची तयार प्रतिकृती पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम डोलकाठ्या, शिडे आणि दोरांच्या जाळ्याकडे जाते. ती खऱ्या जहाजासारखी दिसेल की नाही, हे मात्र पहिली डोलकाठी उभी राहण्याच्या कितीतरी आधी, सांगाड्याच्या फासळ्यांच्या कडा घासताना आणि त्यांवर चिकटवायच्या लाकडी पट्ट्यांची रुंदी ठरवताना निश्चित होते. त्यामुळे या लेखात त्या दोन कामांना सर्वांत जास्त जागा दिली आहे.

पहिल्या प्रयत्नासाठी एका डोलकाठीचे छोटे जहाज किंवा मासेमारीची होडी निवडावी. १७६५ साली पाण्यात उतरलेल्या ‘व्हिक्टरी’सारख्या तीन तोफमजली युद्धनौकेचे किट कितीही मोहात पाडणारे असले, तरी त्यात एकच कृती शेकडो वेळा करावी लागते आणि सुरुवातीची चूक तितक्याच वेळा पुन्हा होते. प्रमाणही आधीच समजून घ्यावे. १:४८ या प्रमाणात १७० सेंटीमीटर उंचीचा माणूस सुमारे साडेतीन सेंटीमीटरचा होतो, तर १:९६ मध्ये जेमतेम पावणेदोन सेंटीमीटरचा. जाड कागदाचा असा एक माणूस कापून कामाच्या टेबलावर उभा ठेवला, की कठड्याची उंची, दाराची रुंदी किंवा दोराची जाडी चुकली तर ती नजरेला लगेच खटकते. मला हे साधन कोणत्याही मोजपट्टीइतकेच उपयोगी वाटते.

बहुतेक किटमध्ये प्लायवुडचा एक उभा कणा आणि त्याच्या खाचांत बसणाऱ्या आडव्या फासळ्या असतात. प्रत्येक फासळी आधी गोंदाशिवाय बसवून पाहावी. खाच घट्ट असेल तर कानशीने थोडी घासावी, कारण दाबून बसवलेली फासळी कण्याला वाक देते. गोंद लावल्यावर गुण्या धरून फासळी कण्याशी काटकोनात आहे ना, हे तपासावे आणि वाळेपर्यंत ती तशीच धरून ठेवण्याची सोय करावी. लाकडासाठीचा पांढरा पीव्हीए गोंद येथे सर्वांत चांगला, कारण तो चूक सुधारायला काही मिनिटे देतो. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद लाकडावर डाग पाडतो. त्या डागावर पुढे रंग किंवा तेल नीट मुरत नाही.

यानंतर फासळ्यांच्या कडा तिरप्या घासण्याचे काम येते. जहाज पुढे नाळेकडे आणि मागे सुकाणूकडे निमुळते होत जाते, त्यामुळे त्या भागांतील फासळ्यांची कड सरळ ठेवली, तर पट्टी फक्त एका कोपऱ्यावर टेकते. लांब, लवचिक पट्टी तीन-चार फासळ्यांवरून एकदम धरून पाहावी. जिथे ती उचललेली दिसते तिथे लाकडाचा तुकडा चिकटवून भर घालावी आणि जिथे ती टेंगळासारखी फुगते तिथे घासावे. पट्टी वेगवेगळ्या उंचीवर धरून ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी. यात दोन-तीन संध्याकाळी गेल्या तरी त्या वाया जात नाहीत.

पट्ट्या बसवण्यापूर्वी थोडे गणित करावे. मधल्या फासळीच्या कडेवरून, डेकपासून कण्यापर्यंत अंतर ९० मिलिमीटर भरले आणि पट्टी ५ मिलिमीटर रुंद असली, तर तिथे १८ पट्ट्या लागतील. नाळेपाशी तेच अंतर ६३ मिलिमीटर असेल, तर तिथे प्रत्येक पट्टी साडेतीन मिलिमीटरची करावी लागेल. म्हणजे पट्टी पुढच्या टोकाकडे रंध्याने किंवा कटरने हळूहळू निमुळती करायची. मात्र ती मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करू नये. तशी वेळ आली तर दोन पट्ट्या एका रुंद पट्टीत मिळवून घ्याव्यात. मागच्या बाजूला बहुधा उलट होते, अंतर वाढते, आणि तिथे पाचरीच्या आकाराचे तुकडे घालावे लागतात.

पट्टी तिच्या सपाट अंगावर सहज वाकते, कडेवर वाकत नाही. जबरदस्तीने कडेवर वाकवली तर तिची एक बाजू फासळीवरून वर उठते. नाळेकडची पट्टी पंधरा-वीस मिनिटे पाण्यात भिजवून गरम इस्त्रीच्या आधाराने वाकवावी, कारण लाकूड नरम करते ती मुख्यतः उष्णता. वाकवलेली पट्टी पूर्ण वाळल्यावरच चिकटवावी. ओली चिकटवल्यास ती वाळताना आक्रसते आणि फटी पडतात. एक पट्टी उजवीकडे लावली की पुढची डावीकडे लावावी. माझ्या पहिल्या जहाजाची एक बाजू मी आधी पूर्ण केली होती, आणि त्याच्या कण्याला आलेला पीळ नंतर कशानेही निघाला नाही.

दुहेरी आवरणाच्या किटमध्ये पहिला थर लिंडनसारख्या मऊ लाकडाचा असतो. त्याच्या फटी भरून, घासून तो गुळगुळीत केला, की त्यावर अक्रोडाच्या पातळ पट्ट्या बसतात. घासताना मास्क लावावा, कारण लाकडाची बारीक धूळ, विशेषतः अक्रोडाची, अनेकांना त्रास देते.

डेकच्या फळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ठेवू नयेत. खऱ्या जहाजावर त्या साधारण सहा-सात मीटरच्या असत, म्हणजे १:६४ मध्ये सुमारे दहा सेंटीमीटरच्या. शेजारच्या फळ्यांचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत. फळीच्या कडेवर पेन्सिल फिरवली, की फटींत भरलेल्या डांबराची काळी रेषा उमटते.

दोरांचे काम आतून बाहेर आणि खालून वर करत जावे, नाहीतर हात पोहोचत नाही. डोलकाठीला धरून ठेवणारे स्थिर दोर डांबर लावलेले असत, म्हणून ते गडद रंगाचे घ्यावेत. शिडे हलवणारे दोर फिकट ठेवावेत. प्रत्येक दोरा मधमाशीच्या मेणावरून ओढला की त्याचे तंतू बसतात. खलाशी चढत त्या दोरशिडीच्या आडव्या पायऱ्या १:६४ मध्ये सुमारे सहा मिलिमीटर अंतरावर येतात. मागे रेघा आखलेला पुठ्ठा धरून प्रत्येक उभ्या दोरावर क्लोव्ह हिचची, म्हणजे दोन वेढ्यांची गाठ मारावी, पण ती ओढून आवळू नये. उभे दोर आत खेचले गेले तर शिडी मध्येच बारीक होते. दर चार-पाच पायऱ्यांनंतर थोडे दूर उभे राहून कडेचे दोर सरळ आहेत ना ते पाहावे, आणि सर्व पायऱ्या बरोबर आल्यावरच गाठींवर पातळ गोंदाचा थेंब देऊन दोऱ्याची टोके कापावीत.