हवेवर आणि फुप्फुसांवर लिहिताय? या चुका टाळा

चिपळुणात बसून गेली बरीच वर्षं मी आरोग्यावरचा मजकूर तपासते. साप्ताहिकातले लेख, दिवाळी अंकांचं साहित्य, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायची पत्रकं, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातले फलक, सगळं माझ्या टेबलावर येतं. हवेच्या प्रदूषणावरचा मजकूर आला की तो वाचायच्या आधीच मला ठाऊक असतं, कुठे लाल खूण पडणार. लिहिणारे बदलतात, चुका त्याच राहतात. म्हणून एकदा लिहून टाकते.

मोबाइलवरचा आकडा उचलून मथळा करणं

काही वर्षांपूर्वी श्रावणात एका तरुण मुलाने लेख आणला. आपल्या गावाची हवा दिल्लीच्या पंगतीला जाऊन बसली, असा त्याचा सूर. मित्राच्या गॅलरीत लावलेल्या सेन्सरच्या छोट्या डबीवर सकाळी १८० आकडा दिसला होता, त्यावर सगळा लेख उभा. मी तो वाचला आणि छपाईची घाई होती म्हणून जाऊ दिला. ती घाई मला अजून टोचते.

आठ-दहा दिवसांनी वाशिष्ठीच्या काठच्या एका वाडीत गेले होते. भर दुपारी एका घराच्या सगळ्या खिडक्या लावलेल्या. आत चूल पेटलेली, तीही पावसात भिजलेल्या लाकडांची. कौलांखाली धुराचा थर तरंगत होता, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर त्याची कडा स्पष्ट दिसत होती. चुलीपाशी आजी, तिच्या मागे खोकणारी नात. मी खिडकी उघडायला गेले तर आजी म्हणाली, "नको गो, पेपरात आलंय ना, बाहेरची हवा खराब आहे म्हणून. घेतलं सगळं लावून."

ओल्या लाकडांच्या धुरात पीएम २.५ चं, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचं, प्रमाण घनमीटरला शेकडो मायक्रोग्रॅमवर जातं. आमच्या मथळ्याने त्या दोघींना या धुरात कोंडलं होतं आणि बाहेरची हवा तर पावसाने धुतलेली होती.

मग डबीवर १८० का दिसलं? या स्वस्त सेन्सरमध्ये एक बारीक लेझर असतो. हवेतल्या कणांवर पडून उजेड किती विखुरतो, त्यावरून तो कणांचा अंदाज बांधतो. आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत समुद्राच्या मिठाचे कण असतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं आणि कणाचा थेंब होतो. पावसाळ्यात डब्यातलं मीठ कसं पाझरतं ते कोकणातल्या कुठल्याही बाईला विचारा, हवेत तेच घडतं. सेन्सरला तो फुगलेला थेंब मोठा कण वाटतो आणि आकडा चढतो. सरकारी केंद्रांवरच्या यंत्रांत हवा मोजण्याआधी तापवून तिची ओल कमी करण्याची सोय असते. गॅलरीतल्या डबीत ती सहसा नसते. ती डबी टाकाऊ नाही, धूर घरात किती चढला नि किती उतरला हे पाहायला ती चांगलीच उपयोगी पडते. पण श्रावणातल्या सकाळचा तिचा आकडा जसाच्या तसा छापायचा नाही.

त्यातच पट्ट्यांचा गोंधळ. पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारताच्या हवा गुणवत्ता निर्देशांकावर (एक्यूआय) तो १०० होतो, शेरा 'समाधानकारक'. तीच हवा अमेरिकेच्या पट्टीवर १५० च्या पुढे जाते, शेरा 'अपायकारक'. अनेक अ‍ॅप अमेरिकेची पट्टी वापरतात. एकाच लेखात एक आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आणि दुसरा अ‍ॅपचा घालून तुलना केलेली मी महिन्यातून एकदा तरी पाहते. शिवाय आपला निर्देशांक म्हणजे सगळ्या प्रदूषकांची सरासरी नव्हे. ज्या प्रदूषकाचा उपनिर्देशांक सगळ्यांत जास्त, तोच त्या दिवसाचा निर्देशांक. त्याला एकक नसतं, म्हणून 'एक्यूआय १५० मायक्रोग्रॅम' हे वाक्य कुठेही दिसलं तर खोडा.

मर्यादांचंही तसंच. आपल्याकडे पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० आणि वर्षाची ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या पातळ्या अनुक्रमे १५ आणि ५. एका सकाळचा आकडा घेऊन तो वर्षाच्या ५ शी ताडून 'दहापट विषारी' लिहिणारे घाईचे वीर खूप आहेत. एका दिवसाची वर्षाशी तुलना म्हणजे एका दिवसाच्या पावसाला हंगामाच्या सरासरीने भागणं.

माझी सवय सांगते. एक वही ठेवली आहे, पाच रकाने आखलेली: आकडा, एकक, किती तासांची सरासरी, कुठे मोजला, कोणाची पट्टी. एक जरी रकाना रिकामा राहिला तरी तो आकडा लेखात जात नाही. नवखे म्हणतात, एवढा वेळ कोणाला आहे? वेळ नसेल तर आकड्याशिवाय लिहा, चालतं.

मायक्रोग्रॅम तसाच वाचकाच्या अंगावर फेकणं

'घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम' वाचून कोणाच्याही डोळ्यापुढे काही उभं राहत नाही. मी असं सांगते: गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी म्हणजे एक घनमीटर. बारीक मिठाचा एक दाणा साधारण ६० मायक्रोग्रॅमचा. तो दाणा कुटून त्याची धूळ टाकीभर पसरली, की झाली आपली २४ तासांची मर्यादा.

पण इथेही एकदा फसगत झाली. दाभोळ खाडीकाठच्या बचत गटात मी हे सांगितलं तेव्हा मासे विकणारी एक बाई पटकन म्हणाली, "एका दाण्यानं काय व्हतंय?" तिचं बरोबर होतं. मी आकार समजावला आणि धोका लपवला. तेव्हापासून दाण्याच्या मागोमाग उरलेली गोष्ट सांगतेच. माणूस दिवसाला अशा दहाएक टाक्या हवा ओढतो, रोज, जन्मभर. पीएम २.५ चा कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याचा किंवा त्याहून बारीक. मोठी धूळ नाकात-घशात अडते आणि शेंबडाबरोबर बाहेर पडते. हा कण वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत, उतरतो, त्यातले सगळ्यांत बारीक रक्तातही जातात. म्हणून त्याचा त्रास फुप्फुसांवर थांबत नाही, हृदयापर्यंत पोचतो. उपमा दिली की ती कुठे कमी पडते तेही त्याच परिच्छेदात सांगा.

याच कारणाने महामार्गाच्या कामाची लाल धूळ आणि चुलीचा निळसर धूर एकाच मापाने मोजू नका. लाल धूळ कपड्यांवर, आंब्याच्या पानांवर दिसते म्हणून लोक तिच्यावर चिडतात. तिच्यातला बराच भाग भरड असतो. चुलीचा धूर आपलाच वाटतो आणि त्यात बारीक कण भरलेले. दगडाच्या किंवा सिलिका वाळूच्या खाणीतली धूळ हे तिसरंच प्रकरण. तिथल्या बारीक सिलिकाने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा करणारं औषध नाही. कणकवली तालुक्यात कासार्डे भागात सिलिका वाळू निघते, त्या बाजूच्या वाचकासाठी लिहिताना हा फरक गाळणं अक्षम्य आहे.

'२६ टक्के लोक दगावले'

अमेरिकेतला सहा शहरांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ८,१११ प्रौढ माणसांचा १४ ते १६ वर्षं मागोवा घेतला होता. निष्कर्ष असा की सगळ्यांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सगळ्यांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त होता, सिगारेट वगैरे गोष्टींचा परिणाम हिशेबातून बाजूला काढल्यावर. एका हुशार विद्यार्थिनीने लिहून आणलं, 'प्रदूषणाने २६ टक्के नागरिकांचा बळी'. तिने फक्त गोषवारा वाचला होता, तोही यंत्राने मराठी केलेला.

मी तिच्यासमोर शेंगदाणे मांडले. एका वाटीत १००, दुसरीत १२६. स्वच्छ शहरात जितक्या काळात १०० मृत्यू, तितक्याच काळात, तितक्याच आणि तशाच माणसांत प्रदूषित शहरात १२६. टक्का कशाचा, हे वाक्यात आलंच पाहिजे. 'जोखीम २६ टक्क्यांनी वाढते' एवढंच लिहून पुढे गेलात तर वाचक स्वतःच्या मनाने अर्थ लावणार, आणि तो अर्थ बहुधा चुकीचा असणार. गोषवारा वाचून लेख लिहू नका. निदान पद्धतीचा भाग आणि पहिला तक्ता वाचा: माणसं किती, कुठली, किती वर्षं पाहिली.

फरक दिसला नाही म्हणजे उपयोग नाही, असं लिहिणं

भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत गरोदर बायकांना चुलीऐवजी गॅस देऊन मोठा प्रयोग झाला. भारतातला भाग तमिळनाडूत होता. चुलीवाल्या बायकांच्या श्वासात पीएम २.५ घनमीटरला ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास, गॅसवाल्यांच्या २४ च्या आसपास. २०२२ मध्ये निकाल आला की बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक आढळला नाही. लगेच माझ्याकडे मथळा आला: 'गॅसचा फायदा नाही'. अहो, अभ्यासाने एक प्रश्न विचारला, त्या काळापुरतं त्याचं उत्तर मिळालं. गॅसने धूर उतरला हे तर त्याच अभ्यासात आहे. आपल्याकडे गॅस येऊनही आंघोळीचं पाणी तापवायला चूल पेटतेच. असा मथळा वाचून त्या घरातला पुरुष सिलिंडरचे पैसे वाचवायला मोकळा होतो. असे निकाल दडवायचे नाहीत, पण प्रश्न काय होता ते आधी लिहायचं.

आता पटापट.

पीएम २.५ ला 'विषारी वायू' म्हणू नका. ते घन कण आणि बारीक थेंब आहेत.

'प्रदूषणामुळे हवेतला ऑक्सिजन संपतो' हे खोटं आहे.

प्रत्येक धापेला दमा म्हणू नका. वर्षानुवर्षं चूल फुंकलेल्या बाईची धाप सीओपीडीची, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराची, असू शकते, आणि तिने कधी विडी ओढलेली नसते.

फुंकून करायच्या तपासणीत 'अपेक्षित मूल्याच्या ८० टक्के' आलं म्हणजे २० टक्के फुप्फुस निकामी झालं असं नाही. अपेक्षित मूल्य हे त्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसांवरून काढलेलं असतं आणि निरोगी माणसांतही कमीजास्त असतं.

'आजची हवा म्हणजे अमुक सिगारेटी' हा हिशेब हवेत दिवसभर घनमीटरला २२ मायक्रोग्रॅम पीएम २.५ म्हणजे एक सिगारेट असा धरून करतात. तो लोकसंख्येतल्या मृत्यूंवरून बांधलेला अंदाज आहे. तुमच्या शेजारच्या मुलाने आज किती सिगारेटी ओढल्या, हे त्यातून निघत नाही.

कोकणातल्या लेखाला दिल्लीच्या धुक्याचा फोटो लावू नका.

राब भाजणाऱ्या, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजणाऱ्या, शेतकऱ्याला लेखात झापू नका. भाजावळीचा धूर त्रास देतो हे खरं, आणि ते त्यालाच सगळ्यांत आधी कळतं, कारण तो त्यात उभा असतो. वारा कुठला आहे ते पाहून भाज, घरात दम्याचं माणूस असेल तर आधी निरोप दे, एवढं सांगितलं की तो ऐकतो. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि थंडीत धूर खालीच बसून राहतो. दुपारी खारे वारे सुटले की चित्र बदलतं. हे शाळेच्या भूगोलात शिकलेलं असतं, लेखात कोणी वापरत नाही.

शेवटची चूक इन्हेलरची, आणि तिच्यावर मी भांडते. आपल्याकडे त्याला पंप म्हणतात आणि 'पंपाची सवय लागते' हे प्रत्येक वाडीत ऐकू येतं. संशोधनावरच्या लेखात 'स्टेरॉइडयुक्त पंप' एवढेच शब्द आले की वाचक पंप कपाटात ठेवतो. माझ्या माहितीतल्या एका रिक्षावाल्याने तसंच केलं आणि मध्यरात्री त्याला गाडीत घालून न्यावं लागलं. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, थेट श्वासनलिकेत जातो, गोळीच्या मानाने फार थोडा. हे वाक्य स्टेरॉइड या शब्दाच्या लगेच पुढे यायला हवं, पुढच्या पानावर नाही. आणि त्याच्या पुढे: डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप बंद करू नका, वापरल्यावर चूळ भरा.